निधन वार्तावाले शिवाजीराव

आमच्या 'उत्तर किनारा' पेपरात पान चारवर, खाली डाव्या कोपऱ्यात 'निधन वार्ता' नावाची चौकट असते. ती चौकट लिहितात शिवाजीराव खोत आणि पानात लावते मी, अर्चना. पालघरच्या ऑफिसात एकोणीस वर्षं पानं लावतेय. अख्ख्या तालुक्यातली म्हातारी माणसं माझ्या हाताखालून गेलीत म्हणा ना! त्यामुळे कालचं पोर येऊन मला पेपर कसा काढायचा हे शिकवायला लागलं की माझं डोकं सटकतं, हे आधीच सांगून ठेवते.

शिवाजीराव मूळचे सांगलीकडचे, शिराळ्याचे. तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी नखांच्या कडा अजून पिवळ्या आहेत. बोईसरला दोन खोल्या, घरात उषावहिनी आणि दारात एक स्कूटर, जी उतारावर उत्तम चालते. खिशाला आमच्या पेपरचं वार्ताहराचं कार्ड. ते कार्ड ते अंघोळीला जाताना तेवढं काढतात, असं वहिनी म्हणतात.

हा कारखान्यातला माणूस पेपरात कसा आला? त्यांच्या खोलीवर राहणारा एक गाववाला तरुणपणी तापाने गेला. आमच्या पेपराने फोनवर ऐकून त्याची बातमी छापली. पश्चात पत्नी आणि दोन भाऊ असा परिवार, संपलं. कात्रण गावी गेलं. कोणीतरी ते त्याच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हातारी म्हणाली, "आन् म्या? म्या काय मेले व्हय?" झालं! दुसऱ्या आठवड्यात शिवाजीराव कारखान्याच्या कपड्यांतच आमच्या ऑफिसात उभे. तेव्हाच्या जुन्या संपादकांना त्यांनी असं काही फैलावर घेतलं की बाहेर रिक्षावाले गोळा झाले. संपादक शेवटी म्हणाले, "मग तूच लिहून आण ना बाबा!" तेव्हापासून आणतायत.

त्यांचा नियम एकच. उंबरा ओलांडल्याशिवाय बातमी नाही. माणूस गेल्याचं कळलं की स्कूटर काढायची, त्या घरी जायचं, बसायचं, दिलेलं पाणी प्यायचं. मग दोनशे पानी वही काढून वयाच्या क्रमाने एकेक नाव लिहायचं. सगळं लिहून झालं की वही मिटायची आणि विचारायचं, "कुणी राहिलं का?" लोक म्हणतात, नाही. ते पुन्हा विचारतात. लोक वैतागतात. ते तिसऱ्यांदा विचारतात, आणि तिसऱ्या वेळेला हमखास कोणीतरी निघतंच. बारा वर्षं बोलणं बंद असलेली सुरतची बहीण निघते, नाहीतर जातीबाहेर लग्न केलेला धाकटा निघतो. बेटेगावला एका घरात तर तिसऱ्या वेळेला अशी भांडणं लागली की शिवाजीरावांना चप्पल सोडून यावं लागलं. पण यादीत नाव आलंच.

आणि मग आमच्या ऑफिसात स्वराज आला.

जुन्या संपादकांचा पुतण्या, आता त्यांच्याच खुर्चीत बसलेला. पुण्याहून डिजिटलचं काहीतरी शिकून आलेला, एकोणतीस वर्षांचा. पोरगा वाईट नाही हो, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आल्या आल्या त्याने भिंतीवर टीव्ही लावला. त्यावर बातम्या नाहीत, नुसता आकडा. आमच्या पोर्टलवर आत्ता किती माणसं आहेत तो आकडा. तो वर गेला की स्वराजचा चेहरा फुलायचा, खाली आला की आम्हाला चहा मिळायचा नाही.

मथळेही त्याच्या पद्धतीचे. बोईसरला पाणी आलं नाही तर मी काय लिहायचं? 'बोईसरमध्ये पाणी बंद, कारण ऐकून थक्क व्हाल!' कारण काय, तर पाईप फुटला. थक्क व्हायला बोईसरकर काय काल जन्माला आलेत? पण कळस झाला तो निधन वार्तेत. एका पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांच्या बातमीवर त्याने मथळा दिला, 'आजोबांनी शेवटचा श्वास घेतला, आणि मग जे घडलं...' मग काय घडणार, डोंबल! अंत्यविधी झाला.

स्वराजचं दुखणं वेगळंच होतं. हल्ली माणूस गेला की दहा मिनिटांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. तासाभरात चौकात फ्लेक्स लागतो. आमचे शिवाजीराव दुसऱ्या दिवशी पेपरात. स्वराजने एक दिवस त्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, "काका, शेवटचं सांगतो. पुढची निधन वार्ता दहा मिनिटांत पोर्टलवर आली नाही, तर एक तारखेपासून चौकट बंद. त्या जागी आपण रील्सचा क्यूआर कोड टाकू. तुमचं कार्डही जमा करा."

शिवाजीरावांचा हात आपोआप खिशावर गेला. जिन्यात मला म्हणाले, "ताई, मानधनाचं जाऊ द्या, त्यात स्कूटरचं पेट्रोलबी भागत न्हाई. पर चौकट ग्येली तर मी कुठल्या तोंडानं कुनाच्या दारात जाऊ? कार्ड न्हाई, पेपर न्हाई, आन् मेलेल्या मानसाच्या घरी नावं इचारत बसतोय, म्हंजे येडाच की मी!" मला फार वाईट वाटलं. एक तारखेला सहा दिवस होते.

दोनच दिवसांनी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, सव्वानऊला मोबाईल वाजायला लागले. दातिवऱ्याच्या ग्रुपवर फ्लेक्सचं चित्र आलं होतं. काळी किनार, दोन समया, मध्ये हात जोडलेले तात्या पागधरे आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तात्या म्हणजे किनाऱ्यावरचं मोठं नाव. तरुणपणी होडी चालवायचे आणि होळीच्या नाटकात बावीस वर्षं खलनायक. माहीम-केळव्यापर्यंत लहान पोरं त्यांना घाबरायची.

शिवाजीराव नेमके ऑफिसातच होते. स्वराज ओरडला, "काका, घड्याळ लावलंय! दहा मिनिटं!"

"मी निघालो," शिवाजीराव म्हणाले.

"निघू नका, लिहा!"

"घर बघितल्याबिगर काय लिहू? पश्चात कोन हाय, मला कुठं ठावं?"

स्वराजने कपाळाला हात लावला. मग मला म्हणाला, "अर्चनाताई, तुम्ही जा यांच्यासोबत. अंत्ययात्रेचं लाइव्ह करा. निदान गर्दी तरी दाखवा." माझं वय एक्कावन्न, गुडघा दुखतो, आणि मी त्या स्कूटरवर बसून दातिवऱ्याला मयताचं लाइव्ह करायला! पण गेले. चौकट वाचवायची तर जायलाच हवं होतं.

माहीम मागे पडलं, केळवं आलं. तिथे माझा फोन कोकलला म्हणून बघितलं, तर आमच्याच पोर्टलवर बातमी झळकलेली. 'दातिवऱ्याच्या खलनायकाची एक्झिट, अखेरच्या क्षणी काय म्हणाले तात्या?' स्वराजकडे ते नवं यंत्र आहे ना, नुसतं नाव सांगितलं की सगळी बातमी लिहून देणारं, त्यातून काढलेली. शेवटी ओळ होती, 'त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुलगे, सुना आणि नातवंडे असा मोठा परिवार आहे.'

मी ते शिवाजीरावांना वाचून दाखवलं. त्यांनी स्कूटर बाजूला घेतली आणि बंद केली.

"आपल्या पेपरानं टाकलं?" त्यांनी विचारलं. आवाज असा लागला की मलाच चोरी केल्यासारखं झालं.

"हो ना. आता जायचं कशाला? चला परत."

"आता तर जायालाच पायजे," ते म्हणाले आणि किक मारू लागले. अकराव्या किकला स्कूटर सुरू झाली.

दातिवऱ्यात तात्यांच्या घरापुढे ही गर्दी! हार घेतलेली माणसं, एडवणहून टेम्पोने आलेल्या बाया. पण रडण्याचा आवाज नाही. गर्दीतून वाट काढून पुढे गेलो तर ओटीवर खुर्ची टाकून साक्षात तात्या बसलेले. बनियन, लुंगी, हातात कावळे हाकायची लांब काठी. शेजारच्या अंगणात दांड्यांवर बोंबील वाळत होते आणि तात्या ती काठी आता बोंबलांऐवजी माणसांवर उगारत होते.

"या! पेपरवाले बी आले! बघा, मी मेलो हाय!"

शिवाजीराव जागीच उभे राहिले. मग वाकले आणि उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं सांगत नाही, मेलेल्या माणसाच्या घरी इतक्यांदा गेलेला माणूस, जिवंत माणूस बघून रडला.

घोटाळा झाला होता फ्लेक्सवाल्याकडे. अंकुश नावाचा फ्लेक्सवाला. त्याने श्रद्धांजलीची नवी डिझाइन केली आणि गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा म्हणून त्यात हाताशी होता तो फोटो चिकटवला. तात्यांच्या पंच्याहत्तरीच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो. का, तर हात जोडलेला फोटो त्याच्याकडे तेवढा एकच होता! आणि तो नमुना गिऱ्हाइकाला पाठवायच्या ऐवजी पठ्ठ्याने पाठवला गावच्या ग्रुपवर. सकाळपासून तो फोन बंद करून बसला होता.

"त्या अंकुशचं सोडा," तात्या गरजले. "पोर हाय, चुकला. पन तुमच्या पेपरानं माझं लगीन लावलं, त्याचं काय?"

गर्दीत खसखस पिकली. तात्या जन्माचे ब्रह्मचारी. भाची दीपिका आणि तिचा नवरा दोन पोरांसह त्यांच्याकडे राहून त्यांचं करतात, बाकी कोणी नाही.

"मेलो त्याचं काय नाय! स्टेजवर बावीस वेळा मेलोय मी. पन बायको? आन् तीन मुलगे? सकाळपासून सगला गाव इचारतो, तात्या, वैनी कुठं ठेवली? सांगा, कुठं ठेवली?"

सगळे हसले. मीही हसले. हसली नाही ती फक्त शेजारची जमनामावशी. सत्तरीची विधवा बाई, बाजारात सुकी मासळी विकायला बसणारी. ती पाठ फिरवून बोंबील उलटे करत राहिली. वर तात्यांवरच फणकारली, "बोलत काय बसलास? कावले बग तिकरं! मेला असतास तर माजं सुकं कोनी राकलं असतं?" मला तेव्हा काही कळलं नाही. एवढी शहाणी मी, आणि मला मेलीला काही म्हणजे काही कळलं नाही.

तात्यांनी माझ्या फोनवरून स्वराजला फोन लावायला लावला. "हॅलो, मी तात्या पागधरे बोलतोय. वरून नाय, दातिवऱ्यावरून." पलीकडे टीव्हीवरचा आकडासुद्धा घाबरला असेल. मग स्वराज म्हणाला, सॉरी काका, आत्ताच्या आत्ता काढून टाकतो.

"काढून काय टाकतो? वाचलं ते लोकांच्या डोक्यातनं कसं काढशील? ते फोनवरचं आमी मानत नाय. फोनवर लोक मरतात, जेवतात, नाचतात, कोन मोजतो? माझी पोजिशन हाय इथं. छापून आन. जिथं मेलेल्यांची नावं येतात ना, तिथंच. तिथं लोक वाचतात."

आता आली का पंचाईत! जी चौकट चार दिवसांनी बंद करायची होती, तिच्यातच जाहीर माफी छापायची. स्वराज दोन वेळा "पण काका" म्हणाला आणि दोन्ही वेळा तात्यांनी खलनायकी खाकरा काढला. तिसऱ्या वेळेला तो "हो" म्हणाला.

मग तात्या शिवाजीरावांकडे वळले. "आन् तू. तू इथवर कशाला आलास? बातमी तर छापून झाली हुती."

"मला घर बघायचं हुतं," शिवाजीराव म्हणाले. "पश्चात कोन हाय ते."

तात्यांनी मग खुर्ची सरकवून जागा केली. "बस. पानी पी. काड तुजी वही. माजं आजच लिवून ठेव, नायतर परत कोनतरी बायको चिकटवेल."

शिवाजीराव बसले, पाणी प्याले, वही काढली. भाची दीपिका लिहिली, जावई लिहिला, नातवंडं लिहिली. वही मिटली. "कुणी राहिलं का?" तात्या म्हणाले, नाय. पुन्हा विचारलं. तात्या चिडले, सांगितलं ना नाय! शिवाजीरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. तात्यांनी काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि एकदम मला म्हणाले, "बाय, आत चाय टाकलाय दीपिकानं. जरा बग ना." मी गेले. चहा कुठला आणि काय! आत दीपिका मासे साफ करत होती. परत आले तर वही काखेत गेलेली.

दुसऱ्या दिवशी चौकटीत बातमी आली. मजकूर शिवाजीरावांचा, कानामात्रा न बदलता मी लावला. 'दातिवरे येथील तात्या पागधरे यांचे निधन झालेले नाही. त्यांना पत्नी नाही, मुलगे नाहीत. ते घरीच आहेत. कळावे.' लोकांनी त्याचे फोटो काढून इकडून तिकडे इतके पाठवले की भिंतीवरचा आकडा कधी नव्हे तो वर जाऊन तिथेच बसला. स्वराज मला हळूच म्हणतो कसा, "ताई, असं दर आठवड्याला एक करता येईल का?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो गेला.

एक तारीख आली आणि गेली. कार्ड कोणी मागितलं नाही. उलट किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांचे ऑफिसात फोन यायला लागले, ते वहीवाले खोत आमच्याकडे कधी येतात? आमचं पण लिहून ठेवायचंय.

तात्या खरंच गेले ते ऑक्टोबरात, नवरात्र संपल्यावर. सकाळी मी दुपारचा डबा भरत होते तेव्हा ग्रुपवर एकच ओळ आली, तात्या पागधरे गेले. मी ऑफिसात पोचेपर्यंत खाली हात जोडलेलं एकही चित्र नाही. फोटो नाही, फ्लेक्स नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'पेपरवाले खोत आले का?' त्याखाली, 'ते घरात आल्याशिवाय कोणी काही टाकू नका.' त्याखाली खुद्द अंकुशने, 'मी तर अजिबात टाकत नाही.'

स्वराज यंत्रासमोर बसला होता. बोटं वळवळत होती पोराची, मला दिसत होतं ना! पण त्याने कीबोर्ड बाजूला सरकवला आणि शिवाजीरावांना फोन लावला. "काका, निघालात का? या सावकाश. थांबतो आम्ही."

चार तास थांबलो. शिवाजीराव आले, त्यांनी वहीतलं ते फेब्रुवारीतलं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. मी टाइप करायला लागले. दातिवरे येथील तात्या पागधरे, वय अठ्ठ्याहत्तर. पश्चात भाची दीपिका, जावई, दोन नातवंडे आणि शेजारीण जमना वैती असा परिवार आहे.

माझी बोटं थांबली. एकोणीस वर्षांत आत्या लावल्या, साडू लावले, मानलेले भाऊ लावले. शेजारीण कधी लावली नव्हती.

"हे तात्यांनी सांगितलं?"

"तिसऱ्या बारीला," शिवाजीराव म्हणाले. "तुमच्यापुढं लाजलं वो ते. म्हनून चाय बघायला धाडलं."

"आणि जमनामावशीला विचारलंत आज?"

"इचारलं. टाकू का, म्हनलं. त्या म्हनल्या, वाच. वाचलं. म्हनल्या, परत वाच. मग म्हनल्या, टाक."

मागून स्वराज वाकून वाचत होता. "पण शेजारीण म्हणजे परिवारात..." एवढं त्याने सुरू केलं आणि माझं तोंड बघून गिळलं. मग स्वतःच म्हणाला, "राहू द्या. काका उंबरा ओलांडून आलेत."

पंधरा दिवसांनी दीपिका पालघरला आली होती, ती शिवाजीरावांसाठी बोंबील घेऊन ऑफिसात आली. जमनामावशीने पाठवलेले. जमनामावशी वर्षानुवर्षं सुकी मासळी आमच्याच पेपरात बांधून विकते, आपल्या पेपराचा कागद दणकट म्हणून शिवाजीरावांना त्याचा केवढा अभिमान. त्यांनी पुडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि चेहराच पडला. पुडी दुसऱ्याच पेपराची होती.

"मावशी आमच्यावर रागावल्या का काय?" त्यांनी विचारलं.

"नाय वो," दीपिका म्हणाली. "ते मामाचं नाव आलेलं पान कुठल्यातरी गठ्ठ्यात गेलंय, तिला सापडत नाय. मिलेपर्यंत तुमचा पेपर ती कोनाला हातबी लावू देत नाय."

शिवाजीराव उठले, कपाटातून त्या तारखेचे पेपर काढले आणि होते नव्हते ते सगळे अंक तिच्या पिशवीत भरले.